घरफोडीला कारण नसलेल्या देशातल्या घरफोड्या

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘द ओल्ड फॉक्स’ नावाची मालिका लागायची. माझ्या वयाच्या पुष्कळांना ती आठवत असेल. संवाद इंग्रजीत डब केलेले, ओठांशी न जुळणारे. म्युनिकमधली भलीमोठी घरे, आणि त्यांत शिरून समोरच्याच्या एकाही शब्दावर विश्वास न ठेवणारा, संथ चालीचा एक वयस्क अधिकारी. मालिकेचे मूळ नाव ‘डेअर आल्टे’, म्हणजे ‘म्हातारा’. पश्चिम जर्मनीत ती १९७७ साली सुरू झाली. ती पाहताना माझी अशी समजूत झाली होती की कोणाचा तरी खून पडल्याशिवाय जर्मन पोलीस कचेरीबाहेर पाऊल टाकत नसावेत. आपल्याकडे पुढे आलेल्या गुन्हेमालिकांनीही हाच पायंडा पाळला. दार फोडायचे ते आत मृतदेह असेल म्हणूनच.

पण ज्या गुन्ह्याची झळ सामान्य माणसाला आयुष्यात एकदा तरी लागते तो खून नव्हे, चोरी. आमच्या घरी ती झाली तेव्हा आम्ही गौरी-गणपतीला कोकणात गेलो होतो. पुण्याला परतलो तर दाराचा कोयंडा लोंबकळत होता. ‘कडीकोयंडा उचकटून’ हे वर्तमानपत्रातले शब्द त्या दिवशी मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी यादी करायला घेतली. आई सांगत होती: पाटल्यांची जोडी, चांदीचा करंडा, बाबांचे घड्याळ, टेपरेकॉर्डर आणि प्रेशर कुकर. कुकर म्हटल्यावर हवालदार हसले. “लिहा हो, नवा होता,” आई म्हणाली. मग त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, “घरात कुणाकुणाचं येणंजाणं असतं?” आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचे नाव आईने सांगितले. सांगायला नको होते. त्या बाईंना दोन दिवस चौकीत बसवून ठेवले. चोरीचे काही मिळाले नाही, त्यांचा काही संबंधही निघाला नाही. पण त्या पुन्हा आमच्याकडे कामाला आल्या नाहीत.

हे सांगायचे कारण असे की ती यादी आणि तो प्रश्न हे दोन्ही मला पुढे एका जर्मन मालिकेत पुन्हा भेटले. त्या मालिकेत मृतदेह क्वचित असे. भुरट्या चोऱ्या, अफरातफर, दुकानफोडी, घरफोडी यांवर तिने वीस वर्षे काढली. तिचे नाव ‘पोलित्सायरूफ ११०’. ‘रूफ’ म्हणजे हाक आणि ११० हा पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक. म्हणजे आपल्या ‘डायल १००’सारखे नाव. ही मालिका पूर्व जर्मनीची. त्या देशाच्या अधिकृत सिद्धान्तानुसार तिथे चोरीला काही कारणच उरले नव्हते.

मी ती पाहिली देश बुडाल्यावर. १९९५ साली दुभाषी म्हणून काही महिने लाइपझिगला राहिले होते. जर्मन मी पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात शिकलेली. ते पुस्तकी जर्मन घेऊन सॅक्सनीत उतरल्यावर पहिले पंधरा दिवस भाजी विकत घेणेही अवघड गेले. घरमालकीण एकट्या राहत. संध्याकाळी एमडीआर या स्थानिक वाहिनीवर जुन्या मालिकांचे पुनःप्रक्षेपण होई, आणि बाई मला हाक मारत. त्या गुन्हेगाराकडे पाहतच नसत. “हा टेबललॅम्प बघा, आम्हाला कधी मिळाला नाही.” “ही कपाटं हेलराउची.” “यांच्याकडे दोन आरामखुर्च्या? दोन?” तेव्हा मला त्या विषय सोडून बोलतात असे वाटे. आज वाटते की मालिका कशी पाहावी हे त्यांनीच मला शिकवले.

पहिला भाग २७ जून १९७१ रोजी प्रक्षेपित झाला. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच महिन्याच्या मध्यावर सत्ताधारी पक्षाचे आठवे अधिवेशन झाले. नवे सर्वेसर्वा एरिश होनेकर यांनी त्यात आपल्या टेलिव्हिजनमध्ये एक प्रकारचा कंटाळवाणेपणा असल्याची कबुली दिली. अधिवेशन संपल्यावर आठ दिवसांनी मालिका सुरू झाली. पक्षाने टीका केली आणि टेलिव्हिजनने लगोलग मालिका काढली, अशी गोष्ट रचण्याचा मोह होतो. पण आठ दिवसांत चित्रपट होत नाही. खरे कारण भिंतीपलीकडे होते. पश्चिम जर्मनीत नोव्हेंबर १९७० मध्ये ‘टाटऑर्ट’ सुरू झाले होते. भिंतीने माणसे अडत, लहरी अडत नसत. पूर्वेतले बहुसंख्य प्रेक्षक संध्याकाळी अँटेना पश्चिमेकडे फिरवून बसत. गंमत म्हणजे ‘टाटऑर्ट’च्या पहिल्याच भागाचे नाव ‘टॅक्सी नाख लाइपझिग’. हँबुर्गचा अधिकारी तपास करत पूर्व जर्मनीत येतो, अशी ती गोष्ट. शेजारी आपल्या अंगणात येऊन गुन्हा शोधून जातो आहे. मग आपले पोलीस काय करतात?

आपले पोलीस याआधीही पडद्यावर होते. १९५९ ते १९६८ या काळात ‘ब्लाउलिश्ट’ म्हणजे ‘निळा दिवा’ ही मालिका चालली होती. तीत गुन्ह्याचा उगम पुष्कळदा पश्चिम बर्लिनमध्ये असे. चोर तिकडून येई, चोरीचा माल तिकडे जाई, इकडचा कुणी बिचारा मोहाला बळी पडे. बर्लिनची हद्द उघडी असेपर्यंत हे खपून गेले, त्यात तथ्यही होते. १९६१ साली भिंत उभी राहिली आणि लेखकांची पंचाईत झाली. आता चोर यायचा कुठून?

‘पोलित्सायरूफ’ने या प्रश्नाला दिलेले उत्तर हे तिचे खरे धाडस, असे माझे मत आहे. तिने ठरवले की चोर आपलाच आहे. तो आपल्याच कारखान्यात काम करतो, आपल्याच जिन्यात राहतो. पहिला भाग ‘लिझा मुर्नाऊ प्रकरण’ पोस्टातल्या लुटीचा आहे. कर्मचारी बाई जखमी होऊन पडलेली, पैसे गेलेले. यात हेर नाही, भांडवलदार नाही, पश्चिमेचा दलाल नाही. पुढल्या भागांची नुसती नावे वाचली तरी जग कळते: भंगाराचा काटा, छोटी जाहिरात, निळ्या नीलमण्याची अंगठी, एक मॅडोना जास्तीची. सगळ्या वस्तू. १९७६ च्या एका भागाचे नाव ‘डेअर फेन्स्टरश्टेखर’; शब्दशः ‘खिडकी-टोच्या’. लाकडी चौकटीला बारीक भोक पाडून आतली खिटी फिरवणाऱ्या घरफोड्यासाठी हा पोलिसी बोलीतला शब्द आहे. आपल्याकडे भिंतीला खणती लावणारा चोर असे, त्याचाच हा थंड हवेतला भाऊ. गुन्हेगाराला त्याच्या हत्यारावरून आणि हातोटीवरून ओळखणे ही कारागिराची नजर झाली. ती या मालिकेत सगळीकडे आहे.

खुनाच्या कथेत आणि घरफोडीच्या कथेत नुसता तीव्रतेचा फरक नाही, जातीचा फरक आहे. खुनाच्या तपासात माणसाचे गुपित उघडे पडते. घरफोडीच्या तपासात घर उघडे पडते. कोणाकडे काय होते, ते कुठून आले, दुसऱ्याला ते का हवेसे वाटले, हे सांगितल्याशिवाय कथा पुढे सरकतच नाही. आईने कुकर लिहायला लावला तेव्हा तिने १९८०च्या आसपासच्या एका मध्यमवर्गीय घराचा आख्खा अर्थव्यवहार त्या कागदावर नोंदवला होता. सरकारी सिद्धान्त काहीही म्हणो, चोरीला गेलेल्या मालाची यादी खोटे बोलू शकत नाही. ज्या देशात मोटारीसाठी दहा-दहा वर्षे नाव नोंदवून थांबावे लागे, नळाच्या तोट्या आणि मोटारीचे सुटे भाग ओळखीने मिळत, तिथे घरफोडीची गोष्ट सांगायची म्हणजे टंचाईची गोष्ट सांगणे आले. १९७४ पासून तिथल्या नागरिकांना परकीय चलन बाळगायची परवानगी मिळाली आणि इंटरशॉप नावाच्या दुकानांत पश्चिमी मार्क देऊन माल घेता येऊ लागला. म्हणजे एकाच जिन्यात दोन चलने राहू लागली: पश्चिमेत मावशी असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे. ‘सर्व समान’ असलेल्या या जिन्यात हेवा कशाचा हे दाखवायला लेखकांना भाषणाची गरज नव्हती. कॅमेरा कपाटावरून फिरला की पुरे. घरमालकीणबाई नेमके तेच वाचत होत्या.

आता सिद्धान्ताविषयी थोडे. गुन्हा हा भांडवलशाहीचा वारसा आहे, नव्या समाजाच्या अंगावर राहिलेला तो जुना व्रण आहे आणि यथाकाल तो नाहीसा होईल, अशी अधिकृत भूमिका होती. १९६८ च्या दंडसंहितेत समाजवादी मालमत्तेची चोरी आणि व्यक्तिगत मालमत्तेची चोरी यांची कलमे वेगवेगळी होती. कारखान्यातून नेलेली सिमेंटची गोणी आणि शेजाऱ्याच्या घरातून नेलेले घड्याळ हे दोन निराळे गुन्हे. पैकी पहिल्याबद्दल लोकांच्या मनात फारशी अपराधी भावना नव्हती. ‘आपल्या कारखान्यांतून अजून पुष्कळ काढता येण्यासारखे आहे’ ही पक्षाची उत्पादनवाढीची हाक लोकांनी सोयीस्कर अर्थाने घेतली, असा विनोद तिकडे आजही सांगतात. किरकोळ चोरी असेल तर प्रकरण न्यायालयात न जाता कामाच्या जागी सहकाऱ्यांनी निवडलेल्या तंटा-समितीपुढे जाई. चोराने आपल्याच बरोबरीच्या लोकांसमोर उभे राहून बोलायचे. कल्पना म्हणून मला ती वाईट वाटत नाही. आपल्याकडे कोर्टाची पायरी चढलेला माणूस वर्षानुवर्षे उतरत नाही, हे आठवले की तर नाहीच.

या चौकटीमुळे मालिकेचा बाज ठरला. कोणी केले हे प्रेक्षकाला बऱ्याचदा लवकर कळते. उत्सुकता राहते ती हा माणूस इथवर आला कसा याची. त्याच्या वरिष्ठाने काय पाहिले आणि डोळेझाक केली, बायकोला नव्या अंगठीबद्दल प्रश्न का पडला नाही, गोदामाची किल्ली खिळ्याला का टांगलेली असे. १९८१ च्या ‘दारूचा शोध सैतानाने लावला’ या भागात उलरिश थाइन या थोर नटाने दारुड्याचे काम केले आहे. त्यात गुन्ह्यापेक्षा माणसाची पडझडच मुख्य आहे. तो पाहताना आपण पोलीसकथा पाहत आहोत हे विसरायला होते. पश्चिमेच्या तेव्हाच्या कितीतरी चकचकीत भागांपेक्षा हा मला श्रेष्ठ वाटतो. पूर्व जर्मनीचे म्हणून ज्यांना सगळेच प्रचारकी वाटते त्यांनी तो एकदा पाहावा.

आणि पोलीस? पीटर बोर्गेल्ट यांनी हाउप्टमान फुक्स मालिकेच्या सुरुवातीपासून १९९१ पर्यंत रंगवला. थकलेला, सभ्य चेहरा. आवाज क्वचितच चढणारा. घर, बायको, व्यसन, भूतकाळ यांतले जवळजवळ काहीच त्याला दिलेले नाही. सोबत झिग्रिड ग्योलर यांची वेरा आर्न्ट. जर्मन पडद्यावर तपास करणारी ही पहिली स्त्री अधिकारी. पश्चिमेच्या ‘टाटऑर्ट’ला तशी बाई मिळायला १९७८ उजाडावे लागले. वेरा आर्न्टबद्दल कोणी आश्चर्य व्यक्त करत नाही, ही मला तिच्या बाबतीत सर्वांत आवडलेली गोष्ट. तिला कर्तबगारी सिद्ध करायला लावत नाहीत. ती येते, वही काढते, विचारते.

पण काय विचारते? इथे मला त्या दुसऱ्या गोष्टीकडे, हवालदारांच्या प्रश्नाकडे यावे लागते. घरात कुणाचे येणेजाणे आहे, हे पूर्व जर्मनीत विचारावेच लागत नसे. ते लिहिलेले असे. प्रत्येक इमारतीत एक ‘हाउसबूख’ म्हणजे घरवही असे. कोण राहते, कोण पाहुणा किती दिवस मुक्कामाला आहे, याची नोंद तीत करावी लागे. प्रत्येक भागाला नेमून दिलेला एक पोलीस असे. त्याला वस्तीतले सगळे ठाऊक. मालिकेत तो आपुलकीचा, वडीलधारा माणूस म्हणून येतो. दंडसंहितेच्या २४९ व्या कलमानुसार काम न करता राहणे हाच गुन्हा ठरू शके. शब्द होता ‘असामाजिक वर्तन’. म्हणजे खिडकीला भोक पडले की पहिला प्रश्न तयारच: या वस्तीत कामावर न जाणारा कोण? फुक्स हा प्रश्न सौम्य आवाजात विचारतो, चहा-कॉफी घेत विचारतो, पण विचारतो. आणि मालिकेच्या जगात हा प्रश्न बहुधा बरोबर दिशेने नेतो. उनाड, कामचुकार, दारुडा यांच्या आसपासच उत्तर सापडते.

आमच्याकडच्या बाई मला इथे दर वेळी आठवतात. चौकीत बसवलेला माणूस निर्दोष निघाला, तपास चुकला, आणि चुकीची किंमत त्या माणसाने भरली, अशी गोष्ट या मालिकेला सांगता येत नाही. तिच्या सगळ्या संहिता गृहमंत्रालयाच्या नजरेखालून जात, पोलीस खात्याचे सल्लागार चित्रीकरणाला असत. अधिकारी चुकू शकतो, पण व्यवस्था चुकत नाही, हा अलिखित करार होता. लेखकांनी माणसाबद्दल जितके खरे सांगता येईल तितके सांगितले. खात्याबद्दल सांगायची सोय नव्हती.

ही मर्यादा कुठे होती ते १९७४ साली कळले. त्या वर्षी एका खऱ्या प्रकरणावर, लहान मुलांच्या खुनावर, ‘वयाच्या …’ या अर्धवट वाटणाऱ्या नावाचा भाग चित्रित झाला. तो दाखवायला बंदी आली आणि साहित्य नष्ट करायचा हुकूम निघाला. पुढे कितीतरी वर्षांनी आवाज नसलेली निगेटिव्ह आणि संहिता हाती लागली. नव्या नटांनी आवाज दिले आणि मालिकेच्या चाळिसाव्या वर्षी, २०११ च्या जूनमध्ये, तो एमडीआरवर दाखवला गेला. खिडकी-टोच्या दाखवायला हरकत नव्हती. हे नको होते. घरफोडी हा परवानगी असलेला गुन्हा होता. एवढ्यापुरती मालिकेची निवड धाडसाची आणि सोयीची दोन्ही होती, हे मान्य केले पाहिजे.

पश्चिमेत मात्र घरफोडी नाट्यातून जवळजवळ हद्दपार झाली आणि माहितीपटात गेली. एदुआर्ड त्सिमरमान यांचा ‘आक्टेन्त्साइशेन एक्स-वाय’ हा कार्यक्रम ऑक्टोबर १९६७ मध्ये सुरू झाला. न सुटलेली प्रकरणे नटांकडून करवून दाखवायची आणि प्रेक्षकांना दूरध्वनी करायला सांगायचे. आपल्याकडच्या ‘इंडियाज मोस्ट वाँटेड’चा हा दूरचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. त्सिमरमान युद्धानंतरच्या उपासमारीच्या काळात स्वतः चोऱ्या आणि काळाबाजार करत होते, हे त्यांनी म्हातारपणी ‘मीही एक भामटा होतो’ अशा नावाच्या आत्मचरित्रात सांगितले. त्या आधी हेरगिरीच्या आरोपावरून ते काही वर्षे पूर्वेच्या तुरुंगातही होते. पण पडद्यावर आले की त्यांचा चेहरा कुलूप विकणाऱ्यासारखा दक्ष. मालक हा पूर्ण निर्दोष आणि चोर हा बाहेरचा, अशी त्या कार्यक्रमाची मांडणी. पूर्वेची मालिका निदान एवढे तरी विचारी की या चोराला आपण कोणी ओळखत होतो का.

इथवर माझा लेख झाला असता. मालिकेचे गुण सांगितले, मर्यादा सांगितली. पण संग्रह उघडल्यानंतर बाहेर आलेल्या गोष्टी वाचल्यावर या घरफोड्यांकडे मला पूर्वीसारखे पाहता येत नाही.

खिडकी-टोच्याचा भाग १९७६ चा. त्याच वर्षीच्या जानेवारीत गुप्त पोलिसांची, म्हणजे श्टाझीची, १/७६ क्रमांकाची मार्गदर्शिका निघाली. नकोशा नागरिकाला अटक न करता आतून खिळखिळे कसे करायचे, याची ती पद्धत. श्टाझीची माणसे लोकांच्या घरांत त्यांच्या माघारी शिरत. पंचनामा नाही, वॉरंट नाही. शिरल्यावर आधी पोलरॉइड कॅमेऱ्याने खोल्यांचे फोटो काढत: गादीवरची चादर कशी चुरगळली आहे, कपाटात कपड्यांच्या घड्या कशा आहेत, टेबलावर कप कुठे आहे. झडती संपली की फोटो पाहून सगळे होते तसे ठेवायचे. असे फोटो झिमॉन मेनर या छायाचित्रकाराने संग्रहातून शोधून २०१३ साली पुस्तकरूपाने छापले. मी ते पाहिले. त्यांत कोणी माणूस नाही. विस्कटलेल्या बिछान्याचा एक साधा फोटो. घरफोडीचे इतके भयंकर चित्र कोणत्याही मालिकेत नाही. कडीकोयंडा शाबूत, वस्तू जागच्या जागी, आणि तरी घर फोडलेले.

दुसरी गोष्ट मालाची. परकीय चलनाच्या हव्यासापायी १९७३ साली सरकारने ‘कुन्स्ट उंट आन्टिक्विटेटन’ म्हणजे ‘कला आणि पुराणवस्तू’ नावाची कंपनी काढली. अलेक्झांडर शाल्क-गोलोडकोव्स्की यांच्या व्यापारी साम्राज्याचा ती एक भाग होती. बर्लिनच्या उत्तरेला म्युलेनबेक येथे तिचे गोदाम होते. माल पश्चिमेला विकायचा. पण माल आणायचा कुठून? त्याचीही पद्धत होती. आजोबांपासूनची घड्याळे, पोर्सेलिन, चित्रे जमवणारा एखादा संग्राहक हेरायचा. तो संग्राहक नसून छुपा व्यापारी आहे, असे ठरवायचे. मग मागच्या वर्षांचा कर इतका आकारायचा की तो भरताच येऊ नये. कराच्या वसुलीपोटी आख्खा संग्रह उचलायचा. दिवसाढवळ्या, कागदपत्रांसह, पुढल्या दाराने. एका वृद्ध संग्राहकाला तर मनोरुग्णालयात ठेवले गेले.

म्हणजे फुक्स आणि वेरा आर्न्ट पडद्यावर निळ्या नीलमण्याची अंगठी शोधत असताना त्या देशातला सर्वांत मोठा घरफोड्या त्यांच्याच पगारपत्रकावर सही करत होता. लोकांना याचा वास नव्हता असे नाही. १४ डिसेंबर १९७९ च्या पहाटे गोथा गावच्या राजवाड्यातल्या संग्रहालयातून पाच जुनी चित्रे गेली, त्यांत थोरल्या होल्बाइनचे आणि फ्रान्स हाल्सचे चित्र होते. चोर उंच खिडकीतून शिरला. लोकपोलिसांनी जंग जंग पछाडले, तपास लागला नाही. सरकारनेच चित्रे पळवून विकली, ही कुजबुज कितीतरी वर्षे टिकली. चित्रे चाळीस वर्षांनी सापडली तेव्हा ती पश्चिमेतल्या खासगी लोकांकडे होती आणि कुजबुज खरी नव्हती, असे दिसले. पण ती पसरली, टिकली, शहाण्यासुरत्यांना खरी वाटली. ज्या देशात घरफोडी झाल्यावर लोकांच्या मनात पहिला संशयित म्हणून सरकार येते, तिथल्या पोलीसमालिकेविषयी याहून अधिक बोलका अभिप्राय मला ठाऊक नाही.

मग ही मालिका खोटी ठरते का? काही जर्मन मित्र तसे म्हणतात. त्यांच्या मते हे सगळे सरकारी अंगाईगीत होते, आणि छान चेहऱ्याचे पोलीस दाखवून दुसऱ्या पोलिसांना झाकले गेले. मला ते पटत नाही. लेखक-दिग्दर्शकांना म्युलेनबेकचे गोदाम ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि ठाऊक असते तरी ते दाखवता आले नसते. पण वस्तूंकडे बारकाईने पाहण्याची सवय त्यांनी प्रेक्षकांना लावली. एखादी वस्तू या घरात कशी आली, हा प्रश्न एकदा विचारायची सवय लागली की ती पडद्यापुरती राहत नाही. आणि मालिकेने स्वतः तो प्रश्न विचारला, उशिरा का होईना. २८ ऑक्टोबर १९९० रोजी, दोन जर्मनी एक झाल्यावर चार आठवड्यांच्या आत, ‘उंटर ब्र्यूडर्न’ म्हणजे ‘भावाभावांत’ हा संयुक्त भाग दाखवला गेला. ‘टाटऑर्ट’चा शिवराळ, जाकीटवाला शिमान्स्की आणि ‘पोलित्सायरूफ’चा फुक्स एकाच चौकटीत. आणि विषय? पूर्वेतून पश्चिमेला जाणाऱ्या चोरट्या कलावस्तू आणि त्यामागची गुप्त पोलिसांतली जुनी माणसे. चित्रपट म्हणून तो घाईचा आहे, विनोद ओढूनताणून आणलेले आहेत. पण बोर्गेल्ट यांचा चेहरा पाहावा. वीस वर्षे भुरट्या चोरांच्या मागे फिरलेल्या माणसाला आपल्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काय चालले होते ते कळते आहे, आणि त्याला फारसे नवल वाटत नाही. शिमान्स्की आरडाओरडा करतो. फुक्स ऐकून घेतो.

पुढच्या वर्षी पूर्वेचे टेलिव्हिजन बंद झाले. मालिका मात्र राहिली. १९९३ पासून संयुक्त जर्मनीच्या वाहिनीवर ती ‘टाटऑर्ट’च्याच रविवारच्या वेळेला आलटून-पालटून लागते. आता तिच्यातही खून पडतात. रोस्टॉक शहरातले काही भाग उत्तम आहेत. पण खिडकीला पाडलेल्या भोकासाठी दीड तास देणारे कोणी उरलेले नाही.

घरमालकीणबाईंना मी एकदा विचारले होते की तुमच्याकडे कधी चोरी झाली का. त्या म्हणाल्या, चोरी नाही, पण आईचे भिंतीवरचे घड्याळ १९८२ साली ‘कराच्या माणसांनी’ नेले. पावती दिली होती. ती त्यांनी मला दाखवली. घड्याळ, अक्रोडाचे लाकूड, ठोके देणारे, एक; शेजारी किंमत लिहिली होती, त्या काळी एखाद्या जोडी बुटांना पडेल एवढी. आज माग्डेबुर्गमध्ये हरवलेल्या सांस्कृतिक वस्तूंचा शोध घेणारे एक केंद्र आहे. नाझी काळातल्या लुटीबरोबर पूर्व जर्मनीतल्या या जप्त्यांचाही अभ्यास ते करते, आणि असल्याच याद्या तिथे संशोधक एकमेकींशी ताडून पाहतात. त्या पावतीवर खाली सही होती आणि सहीखाली शिक्का. बाईंनी ती घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. फुक्स एका दुकानदाराला विचारत होता, “मागच्या दाराची किल्ली आणखी कोणाकडे असते?”